मोटारी वर घ्या

आता पाऊस वाढला की माझ्या मोबाईलवर धरणातून पाणी सोडणार असल्याचा एकच निरोप दहा ग्रुपांतून येतो. खाली जोडलेल्या हातांची चित्रं. मी फोन पालथा ठेवते. निरोप पोचला म्हणजे माणूस वाचला असं नसतं, हे मी मोबाईल यायच्या कितीतरी आधी, नव्वदीच्या दशकात पाहिलं आहे.

माझं सासर पाटणच्या खालच्या अंगाला, कोयनेच्या काठी, पण गाव चढावर. धरणातून पाणी सोडायचं झालं की देवळावरच्या भोंग्यातून पुकारा व्हायचा, "पाणी सुटणार हाय, मोटारी वर घ्या!" मोटारी म्हणजे उसाला पाणी द्यायला नदीवर बसवलेल्या. पूर येणार म्हटल्यावर सारं जग नदीपासून लांब पळतं, आमच्याकडे घरटी एक गडी नदीकडे पळायचा.

त्या दुपारी आमचे हेही पळाले. फौजेतून सुट्टीवर आले होते, मी पोटुशी. "आलोच," म्हणाले आणि दोर खांद्यावर टाकून उतरले.

थोड्या वेळानं वीज गेली. मागोमाग पाटणहून एसटी आली आणि कंडक्टर दारातूनच ओरडला, "पाणी आधीच सोडलंय, लय सोडलंय! काठावर कोण असंल तर वर बोलवा!" भोंगा मुका. काठ दिसत होता, पण चिखलाच्या वाटेनं कुणी उतरायच्या आधीच पाणी पोचणार. आम्ही बायका चढाच्या टोकाला उभ्या राहून ओरडलो, "पाणी आलं, पाणी आलं!" खालून गड्यांनी नुसते हात हलवले. पाणी येणार म्हणूनच तर ते उतरले होते. उलट जास्तच जोरानं दोर ओढायला लागले. असला संताप आला मला त्या मोटारीचा!

सासूबाई शेजारी उभ्या होत्या. मी त्यांना आत्या म्हणायचे. त्या म्हणाल्या, "पान्यासाठी मोटार सोडायचं न्हाईत ते. मयतासाठी सोडतील. रड."

"कुणाच्या नावानं?"

"माझ्या. दुसऱ्या कुणाचं नाव घिऊ नगंस."

माझी जीभ रेटेना. जित्या माणसाच्या नावानं गळा कसा काढायचा? त्यांनी दंडाला असा चिमटा काढला की मी किंचाळलेच. "आत्या ओ! मला टाकून कुठं गेलासा, आत्या!" मग साऱ्याजणींनी बोंब ठोकली.

खाली हात थांबले. माना वर झाल्या. एकेक दोर सुटला, आमची मोटार घसरत गेली, आणि गडी चिखलातून हातापायांवर चढायला लागले. मागं नदीचा आवाज बदलला. मी ह्यांच्या पाठीवरून नजर काढत नव्हते. शेवटचा गडी वर आला तेव्हा मघाशी ते उभे होते तिथं नुसतं लाल पाणी होतं.

हे धापा टाकत आले, तर समोर आई उभी. तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि मटकन खाली बसले. "आये," एवढंच म्हणाले.

आत्यांनी पदरानं त्यांच्या तोंडावरचा चिखल पुसला. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बास कर आता. हाय मी अजून."

पण मला थांबताच येईना. त्यांचा हात घट्ट धरून मी त्यांच्याच नावानं रडत राहिले.