सोक-चुल यांची तिथी

ओक-बुन माझ्या थोरल्या जाऊबाई. लग्नाला वर्ष होतंय तोच तेव्हा आमच्यावर राज्य करणाऱ्या जपान्यांनी लढाईसाठी त्यांच्या नवऱ्याला, सोक-चुल यांना, जपानातल्या कोळशाच्या खाणीत धरून नेलं. ते परत आलेच नाहीत. मेल्याचा दिवस ठाऊक नसला की आमच्याकडे माणूस घरातून निघाला त्या तिथीला श्राद्ध घालतात. जाऊबाई दुसऱ्या महिन्याच्या तृतीयेला ताट मांडायच्या. त्यांना मूलबाळ नाही, म्हणून वाकून नमस्कार माझा मुलगा करायचा.

पुढे कचेरीत मृत्यूची नोंद करताना कारकुनाने दिवस विचारला. जाऊबाईंनी श्राद्धाचा सांगितला आणि त्या शहाण्याने तोच लिहून घेतला.

पंचाहत्तर साली सरकारला जाग आली. जपानकडून समझोत्यात आलेला पैसा रस्ते-कारखान्यांत जिरवून झाल्यावर मेलेल्यांच्या वारसांना भरपाई निघाली. जाऊबाईंना त्यातून डोंगरावर नवऱ्याच्या नावाचा दगड उभारायचा होता. पण कचेरीतले म्हणाले, कागदाप्रमाणे हा माणूस निघायच्या दिवशी घरीच मेलाय, तिकडे मेल्याचा साक्षीदार आणा. मी तिथेच भांडले, पण दगडावर डोकं आपटून काय होणार?

खाणीत सोबत असलेले चोन मान-सू पलीकडच्या गावात सापडले. एका पायाने अधू. इतकी वर्षं तोंड का लपवलंत असं मी विचारलं, तर ते जाऊबाईंकडेच वळले.

"लढाई संपून सात दिवस झाले होते, वहिनी," ते जाऊबाईंना म्हणाले. "आम्ही बंदरावर जहाजाची वाट बघत होतो. त्याला हगवण लागली. पण लढाई संपायच्या आत मेला तरच पैसे मिळतात. मी महिनाभर आधीची तारीख लिहून देतो."

"खरी तिथी कोणती?"

"सातव्या महिन्याची पौर्णिमा."

मी म्हटलं, कागदावर काहीही असू दे, श्राद्ध आपण पौर्णिमेला घालू.

"एकदा कागदावर चुकीचं सांगून बसले," जाऊबाई म्हणाल्या. "आता नाही."

त्यांनी कचेरीत खरी तारीख सांगितली. अर्ज तिथल्या तिथे फेटाळला गेला. मला त्यांचा फार राग आला होता.

सातव्या महिन्याच्या पौर्णिमेला त्यांनी भात रांधला, मासळी भाजली, दारू ओतली. मुलाने नमस्कार केला. जाऊबाई उठेचनात. कधी न रडणारी बाई बाहीने डोळे पुसत होती.

"तीस वर्षं आजच्या दिवशी हे दारापर्यंत आले असतील गं," त्या म्हणाल्या, "आणि चूल थंड बघून उपाशी परत गेले असतील."