उकिडव्या माणसांचं पुस्तक

"या साडीच्या आत कोणी आहे का?"

नागपूरच्या चित्रकला महाविद्यालयाची प्रवेश परीक्षा चालू होती आणि परीक्षक माझ्या पाठीमागे उभे होते. समोर स्टुलावर एक म्हातारी बाई बसवली होती. दोन तासांत तिचं चित्र करायचं होतं. मी तिच्या साडीचे काठ, निऱ्या, पदराची घडी, सगळं मन लावून रेखाटलं होतं. प्रश्न ऐकून शेजारची दोन मुलं हसली. मी रबर हातात घेतलं, पण खोडण्यासारखं काही सापडेना. साडी बरोबर होती. आत कोणीच नव्हतं.

यादीत माझं नाव आलं नाही.

आई गेल्यावर सहाव्या वर्षीच मला नागपूरच्या कॉन्व्हेंटच्या वसतिगृहात ठेवलं होतं. तिथे आम्ही फुलदाणी, सफरचंद आणि ट्यूलिप काढायचो. ट्यूलिप मी आजतागायत पाहिलेलं नाही, पण डोळे मिटून काढू शकते. माणूस मात्र कोणी शिकवला नाही. दहावीनंतर लाखनीला घरी परत आले तेव्हा माझी मराठी शाळेच्या पुस्तकातली होती आणि घरातली मराठी निराळी. बोलले की लोक हसायचे, म्हणून मी बोलणं कमी केलं आणि पाहणं वाढवलं.

आमचं घर हायवेच्या कडेला. पुढे बाबूजींच्या धान-तांदळाच्या व्यापाराचं गोदाम, मागे आम्ही. घर चालवायची आत्याबाई, बाबूजींची मोठी बहीण, तरुणपणीच विधवा होऊन भावाकडे आलेली. माझा निकाल ऐकून ती म्हणाली, "झालं ना समाधान? आता तुमसरकडच्या पाहुण्यायले हो म्हनून टाक, भाऊ."

बाबूजींनी हिशेबाची वही मिटली. मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "पुढच्या जूनात अजून एक डाव बसू दे तिले. नाही जमलं, तर मग तू म्हनशीन तसं."

म्हणजे एक वर्ष. तेवढ्यात मला साडीच्या आतलं माणूस शिकायचं होतं, आणि शिकवणारं कोणी नव्हतं. गावातले ड्रॉइंगचे सर नाटकाचे पडदे रंगवायचे. त्यांना विचारलं तर म्हणाले, "मुलींनी डिझाइन घ्यावं. वेलबुट्टी." मी मान डोलावली आणि ठरवलं, पुस्तकातूनच शिकायचं.

बाबूजी व्यापाराच्या कामाने नागपूरला निघाले तेव्हा मी त्यांच्याबरोबर एस.टी.त बसले. सीताबर्डीला जुन्या पुस्तकांची एक टपरी होती. तिथल्या म्हाताऱ्या विक्रेत्याला मी हळू आवाजात सांगितलं, मला माणसाच्या शरीराचं पुस्तक हवं आहे.

"डॉक्टरी करती क्या बेटी?"

"नाही. चित्रासाठी."

त्याने बाबूजींकडे पाहिलं. बाबूजी रस्त्यापलीकडच्या इमारतीचे मजले मोजू लागले. म्हाताऱ्याने विणकामाचं एक पुस्तक पुढे केलं, मग रांगोळीचं. मी दोन्ही बाजूला सरकवली. इतकी वर्षं मी समोर येईल ते ताट खाल्लं होतं. त्या दिवशी प्रथमच ताट सरकवलं, आणि काही आकाश कोसळलं नाही.

शेवटी त्याने फळीखालून तीन पुस्तकं काढली. तिन्ही इंग्रजीत, तिन्ही चित्रकारांसाठी.

पहिलं जाड, गुळगुळीत कागदाचं. त्यात फोटो होते. पुरुष देवळातल्या खांबांसारखे ताठ उभे, एकेका स्नायूला तेल लावलेलं. दुसरं पातळ. त्यात माणूस म्हणजे अंडी आणि नळकांडी जोडून केलेला पुतळा, आणि त्यावर हॅट. तिसऱ्याला मुखपृष्ठच नव्हतं. पेनाने काढलेली चित्रं, डाव्या पानावर हाडं, उजव्या पानावर त्याच अवस्थेतला उघडा माणूस.

मी पहिलंच घेणार होते. ते सुंदर होतं, आणि मला सुंदर गोष्टी निवडायची सवय लावली गेली होती. तेवढ्यात बाबूजी जवळ आले. पुस्तकाकडे त्यांनी पाहिलं नाही, फक्त खिशातून परखी काढली. परखी म्हणजे टोकदार, पन्हळीसारखी लोखंडी नळी. पोत्यात खुपसली की आतले दाणे तिच्यातून हातावर येतात. ती त्यांच्या खिशात कायम असायची.

"पोत्याच्या तोंडचा माल पाहून मी सौदा नाही करत," ते म्हणाले. "तोंडाशी सगळेच चांगले दाणे ठेवतात. मधातून काढ."

मी तिन्ही पुस्तकं मधूनच उघडली. आणि परखीने दाणा कोणता पाहायचा तेही मला तिथेच सुचलं. आमच्याकडे माणसं उभी नसतात. चूल पेटवताना, तांदूळ निवडताना, विडी वळताना, नुसत्या गप्पा मारताना बाया उकिडव्या बसतात. पुरुष बसथांब्यावर उकिडवे बसतात. जे पुस्तक मला उकिडवं माणूस दाखवणार नाही, ते माझ्या काय कामाचं?

पहिल्यात उकिडवं कोणीच नव्हतं. दुसऱ्यात सगळे खुर्चीवर. तिसऱ्यातही उकिडवं माणूस नव्हतं, पण एका पानावर पूर्ण मिटलेला गुडघा होता. मांडीचं हाड कुठे टेकतं, वाटी कुठे सरकते, पोटरी दाबली जाऊन कुठे फुगते, हे सगळं बाणांनी दाखवलेलं. मी ते पुस्तक छातीशी धरलं. म्हातारा म्हणाला, "कवर भी नहीं है इसको, बेटी." मी म्हणाले, "कव्हर नकोच आहे."

घरी त्याला मीच कव्हर घातलं, साधं तपकिरी. ते रोवणीचे दिवस होते. दुपारी मी वही घेऊन शेताकडे जायची आणि बांधावर बसायची. बाया लुगडी गुडघ्यांच्या वर खोचून, चिखलात पोटरीपर्यंत पाय रुतवून, कमरेत वाकून धानाची रोपं लावत मागे मागे सरकायच्या. त्यांच्या मांड्या, पोटऱ्या, पाठीचे मणके, सगळं उघड्या आभाळाखाली. बांधावरून अख्खं गाव ये-जा करायचं, कोणाला त्यात काही वावगं दिसत नव्हतं.

एक बाई सरळ होत कमरेवर हात ठेवून म्हणाली, "काय काढून राहिली व, मॅडम?"

"तुमचे पाय."

"पाय? तोंड काढ ना माय! पाय पाहून कोन वळखन मले?"

सगळ्या हसल्या. दुसरी म्हणाली, "माहे काढशीन तं जोडवे घालून काढ बाप्पा. खऱ्यात तं नाहीत."

तिथल्या हसण्यात मला टोचणारं काही नव्हतं. मी जोडवी काढून दिली.

दसऱ्याच्या आधी घर आवरताना आत्याबाईच्या हाती पुस्तक लागलं. मी आत आले तेव्हा ती खिडकीशी उभी होती, पुस्तक दोन्ही हातांत लांब धरून, जणू त्यातून काही गळत होतं.

"हे काय होय?"

"अभ्यासाचं पुस्तक."

"अभ्यासाचं? नागड्या मानसायचं? तुह्या बापानं तुले कॉन्व्हेंटात यासाठी टाकलं होतं का?" तिने एका पानावर बोट आपटलं. "वाच. काय लिवलं आहे इथं, वाच."

मी वाचलं. "गॅस्ट्रोनेमियस."

"म्हनजे?"

"पोटरी."

तिने बोट उचललं. "पोटरीले एवढं मोठं नाव कायले पाह्यजे?"

मला हसू आलं असतं, पण तिने पुस्तक पदराखाली झाकलं. "पाहुणे येतीन, घर पाहतीन," ती म्हणाली. "कोणाच्या हाती हे पडलं तं तुले कोन करन?"

मला वाटलं, आता ती पुस्तक चुलीत घालेल. पण आमच्या घरी चुकून वहीला पाय लागला तरी ती डोक्याला लावतात. पुस्तक म्हणजे विद्या, आणि दसरा तोंडावर. विद्या जाळता येत नाही, फाडताही येत नाही. आत्याबाईने दुसरा मार्ग काढला. तिने भाताची लई, म्हणजे चिकटवायची खळ, शिजवली, जुनी वर्तमानपत्रं घेतली, कात्री घेतली, आणि तीन दुपारी बसून त्या पुस्तकातल्या प्रत्येक माणसाला कपडे घातले.

काम सुबक होतं, हे मान्य केलं पाहिजे. गळ्यापासून गुडघ्यांपर्यंत मापात कापलेला कागद. एकाच्या छातीवर सिमेंटची जाहिरात, एकीच्या मांड्यांवर सर्कसचा हत्ती, एकाच्या कमरेला बाजारभाव. मग तिने पुस्तक झेंडूचं फूल ठेवून पूजेत मांडलं आणि दुसऱ्या दिवशी मला परत दिलं. "घे. आता वाच."

मी खोलीत जाऊन दार लावलं. रडले का, ते सांगण्याची गरज नाही. पान पान उलटत गेले, आणि माझ्या लक्षात आलं की डावी पानं जशीच्या तशी आहेत. एकाही सांगाड्याला तिने हात लावला नव्हता.

संध्याकाळी आत्याबाई तांदूळ निवडत बसली असताना मी तिला विचारलं, "हाडांवर का नाही चिकटवलं?"

तिने सुपातून मान वर केली नाही. "हाडाले कायची लाज?"

त्या एका वाक्यावर माझा हिवाळा गेला. हाडं पुस्तकात होती आणि मांस गावात होतं. सकाळी मी सांगाडा काढायची, दुपारी बाहेर पडून त्यावर माणूस चढवायची. धान कापणाऱ्या बाया, ट्रकखाली आडवा झालेला क्लीनर, गोदामात पाठीवर पोतं घेतलेला हमाल. आत्याबाईने झाकलेलं एकेक शरीर मी बाहेर उघडं पाहिलं, आणि कोणीही मला हटकलं नाही. उजव्या पानांवर हे कधीच नव्हतं.

मग उंदरांचा उपद्रव सुरू झाला. गोदामाच्या घरात उंदीर असतातच. त्यांना भाताची लई लागली गोड. एका सकाळी मी पेटी उघडली तर पुस्तकातल्या माणसांच्या मधल्या भागी भोकं. सिमेंट गेलं, हत्ती गेला, आणि त्यांच्याबरोबर छाती, पोट आणि मांड्याही गेल्या. डोकी आणि पावलं उरली. सांगाड्यांनाही इथे तिथे दात लागले होते.

आत्याबाईने दारातून पाहिलं. "पाह्य," ती म्हणाली, "देवालेही नाही आवडलं."

"उंदरांना आवडलं," मी म्हणाले. एवढं उलट मी तिला आधी कधी बोलले नव्हते.

मी स्वयंपाकघरात गेले, तिचंच पातेलं घेतलं आणि लई शिजवली. या खेपेला उंदरांनी तोंड लावू नये म्हणून लईत मोरचूद घातलं. माझ्या वह्यांतली चित्रं त्या भोकांच्या मापाने कापली आणि एकेक चिकटवत गेले. परदेशी डोक्याखाली रोवणारणीची कंबर आली. पेनाने रेखलेल्या नाजूक पावलांवर हमालाच्या मांड्या आल्या. गुडघ्याच्या पानावरचं भोक सर्वांत मोठं होतं. तिथे मी पाठमोरी उकिडवी बसलेली, तांदूळ निवडणारी एक बाई लावली. लुगडं नुसत्या रेषेने सुचवलं होतं आणि त्याच्या आतून पाठीचा कणा, खुबा, मिटलेला गुडघा स्पष्ट दिसत होते.

पुस्तक मी लपवलं नाही. दिवाणखान्याच्या खिडकीत, उघडं करून वाळत ठेवलं.

आत्याबाई आली. त्या पानावर वाकली.

"हे मी होय?"

"हो."

"माही पाठ अशी वाकडी आहे?"

"आहे."

तिने पान बंद केलं नाही. जाता जाता दारातून म्हणाली, "पाहुणे आले म्हनजे उचलून ठेवजो." मी उचलून ठेवलं नाही. पाहुणे आलेही, चहा प्यायले, आणि त्यातल्या एका काकांनी ते पान पाहून चष्मा पुसला. तुमसरहून पुढे काही निरोप आला नाही. आत्याबाई आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. बाबूजी त्या आठ दिवसांत दोनदा खिडकीशी जाऊन आले.

जूनमध्ये मी पुन्हा परीक्षेला बसले. या वेळी स्टुलावर कॉलेजची झाडूवाली बाई होती, नऊवारीतली. तास झाला तसं तिला अवघडायला लागलं. तिने परीक्षकांना विचारलं, "खाली बसू का जी?" आणि उत्तराची वाट न पाहता स्टूल सोडून जमिनीवर उकिडवी बसली. मुलांमध्ये चुळबुळ झाली. परीक्षक म्हणाले, "आधीचीच पोझ पूर्ण करा, आठवणीने."

मी नवा कागद घेतला.

आधी हाडं मांडली, हलक्या हाताने. खुबा, मांडी, मिटलेला गुडघा, दाबलेली पोटरी. मग त्यावर ती बाई बसवली. सगळ्यात शेवटी, पंधरा मिनिटं उरली असताना, तिला साडी नेसवली.

मागे पावलं थांबली. तेच परीक्षक. त्यांना मी आठवत नसणार, दर वर्षी कितीतरी मुली येतात. "मी आधीची पोझ सांगितली होती," ते म्हणाले.

वळून पाहायचं नाही, ही माझी आयुष्यभराची सवय. मी वळले.

"सर, या साडीच्या आत कोणी आहे का?"

ते माझ्याकडे पाहत राहिले, मग कागदाकडे, मग जमिनीवर बसलेल्या त्या बाईकडे. वहीत काही टिपून पुढच्या मुलाकडे गेले.

यादीत माझं नाव खालून तिसरं होतं. ते पुस्तक मी नागपूरला नेलं. वर्गातल्या मुलांकडे गुळगुळीत कागदाची जाड पुस्तकं होती, त्यातल्या एकाने माझं चाळून विचारलं, हे कोणत्या प्रकाशनाचं? मी म्हणाले, लाखनीचं.