ग्रुपवर टाकलेलं वजन

खो-खोच्या पोरींबरोबर एक वर्ष काढलं की किस्से आपोआप साठतात. इतर कोच खेळाडूंचे किस्से सांगतात. माझे सगळे माझ्यावरचेच! दुसऱ्या कुणी सांगण्याआधी मीच सांगून टाकतो.

खेळाडूंची ताकद कशी वाढवायची, याचं शास्त्र परदेशात शिकून मी सोलापुरात परतलो आणि एका कॉलेजच्या मुलींच्या टीमचा फिटनेस कोच झालो. पहिल्याच दिवशी भर उन्हात चाळीस मिनिटं स्नायूंवर बोललो. कॅप्टन रेणुकानं हात वर केला. मला वाटलं, शंका आहे!

"सर, तुमचं चालू द्या. तवर आमी चार राउंड मारून येतो."

*

दोन्ही हातांत वजन घेऊन चालायच्या व्यायामाला 'फार्मर्स वॉक' म्हणतात, हे मी चित्र काढून समजावलं. रेणुका मंगळवेढ्याकडच्या मेंढपाळाघरची. तिनं डंबेल उचलले आणि मैदानाच्या टोकाला जाऊन आली. मी मागून ओरडतोय, "श्वास सोडा! श्वास सोडा!" कुणीही काहीही उचललं की मी हेच ओरडायचो.

"सर, ह्याला नाव बी हाय व्हय? आमी ह्याला पानी आननं म्हनतो."

*

मग मी एक फॉर्म वाटला. 'कोचमध्ये तुम्हाला काय हवं?' उत्तरं मला माहीतच होती: ज्ञान, नियोजन, शिस्त. इतकी खात्री, की भरलेले फॉर्म न वाचताच बॅगेत टाकले!

पुढच्या आठवड्यात, पारदर्शकता म्हणून, सगळ्यांची वजनं नावानिशी टीमच्या ग्रुपवर टाकली. रेणुकाच्या आकड्यापुढे लाल अक्षरांत: 'तीन किलो कमी करणे.'

संध्याकाळी ती ग्रुपमधून बाहेर पडली. दुसऱ्या दिवशी मैदानावरही आली नाही. निवड चाचणी बारा दिवसांवर!

तिची मैत्रीण शबाना म्हणाली, "सर, कुनीतरी त्या वजनांचा फोटो पुढं पाठवला. अख्ख्या कॉलेजात फिरतोय."

*

मी रेणुकाच्या घरी गेलो. तिचे वडील मेंढरांना पाला टाकत होते. त्यांनी चहा दिला, पीकपाणी विचारावं तसं माझं शिक्षण विचारलं. मग हळू आवाजात म्हणाले,

"सर, आमी मेंढराचं वजन बी फकस्त गिऱ्हाइकालाच सांगतो."

रेणुका बाहेर आली नाही. "एकदा सगळ्यांसमोर माफी मागायची आहे, तेवढं तिला सांगा," एवढं बोलून मी उठलो.

परतीच्या एसटीत बॅग उघडून ते फॉर्म वाचले. शबानानं लिहिलं होतं, 'सरांनी मला शबनम म्हणू नये.' रेणुकाच्या फॉर्मवर एकच ओळ:

'चुकलं तर एकटीला बाजूला घेऊन सांगावं.'

सोलापूर येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत होतो, असं म्हणू या.

*

तिसऱ्या दिवशी मैदानावर टीमला गोल उभं केलं. रेणुका आली होती. सगळ्यांच्या मागं, हाताची घडी. परदेशात भाषणं द्यायला शिकवतात, माफी मागायला नाही. दोन वाक्यांत संपलं माझं.

रेणुका सामानाच्या खोलीत गेली, वजनकाटा घेऊन आली आणि माझ्यापुढं ठेवला.

"बूट काढा, सर."

काढले. चढलो. पंधरा पोरी वाकून बघायला लागल्या. शबानानं फोन काढून ग्रुप उघडला.

रेणुका मात्र काट्याकडे बघतच नव्हती. ती माझ्या पोटाकडे बघत होती.

"सर," ती म्हणाली, "श्वास सोडा की!"