साळूआत्याच्या अंगठ्यावरचे काटे

पास झालेल्या माणसाचं दुःख फार वाईट असतं हो. नापास झालं तर निदान रडायची सोय असते. चार बाया येतात, पाणी देतात, मास्तरच्या नावानं बोटं मोडतात. पण हसनाबादच्या रामरावांची बेबीनंदा एकोणनव्वद साली बारावी सायन्सला पास झाली, एक्कावन्न टक्के घेऊन, आणि तिथंच तिची पंचाईत झाली. गावानं पेढे मागितले, आणि पोरगी आतल्या खोलीत ज्वारीच्या पोत्यांमागं तोंड लपवून बसली.

तिला परभणीला जायचं होतं, कृषी विद्यापीठात. रामरावांनी तर एस.टी.च्या थांब्यावर उभं राहून सगळ्यांना सांगून टाकलं होतं, "आमची बेबी आता पांढरा कोट घालती का न्हाई बघा!" प्रवेशाची यादी लागली ती साठाच्या वरच बंद झाली. कोट राहिला, परभणी राहिली, आणि थांब्यावर विचारणारे तेवढे रोज भेटू लागले.

सगळ्यात जास्त सलत होतं ते प्रॅक्टिकल. कॉलेजातलं सूक्ष्मदर्शक वर्षभर कपाटात कुलपात असायचं. परीक्षेच्या दिवशी ते बाहेर निघालं, त्याला हळदीकुंकू लावायचंच काय ते बाकी होतं. बेबीनंदानं आयुष्यात पहिल्यांदा त्याला डोळा लावला, चांगला घट्ट दाबून लावला. आत काळ्या काळ्या काड्या दिसल्या. तिनं त्या मन लावून कागदावर काढल्या, बाण करून नावंही दिली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी कागद पाहिला, मग तिच्याकडं पाहिलं आणि म्हणाले, "बाळ, या तुझ्या स्वतःच्या पापण्या आहेत." अख्खी खोली हसली. फिजिक्सनंही काही फार हात दिला नव्हता, पण रात्रंदिवस आठवायचं ते हेच हसू.

रामराव वाईट माणूस नव्हता. त्यानं सरळ सांगितलं, "एक साल देतो. मार्चला परत बस. झालं त बराबर, परभणीचा सगळा खर्चा माझा. न्हाई झालं, त मंग दिवाळी झाली की पाहुणे बोलावतो. मला दोष द्यायचा न्हाई."

पोरगी पुस्तक उघडायची आणि तिला पापण्या दिसायच्या. जून गेला, जुलै गेला, पुस्तकाचं तेच पान.

त्या साली रामरावांनी एका जालन्याच्या बियाणे कंपनीचा कपाशीचा सीड प्लॉट घेतला होता, एक एकर. सीड प्लॉट म्हणजे काय, तर इथं कपाशीचं लग्न माणसाच्या हातानं लावायचं. उद्या उमलणाऱ्या मादीच्या कळ्या आज संध्याकाळी हेरायच्या. पाकळ्या आणि आतली परागाची सगळी झालर नखानं अलगद उतरवायची, मधली पांढरी दांडी उघडी ठेवायची आणि वर लाल कागदाची टोपी घालायची. सकाळी नराचं फूल आणून त्या दांडीवर फिरवायचं. हजारो फुलं, आणि दीड-दोन महिने रोजचं काम. याला सगळा मुलूख क्रॉसिंग म्हणतो. बाया मिळेनात, तेव्हा सप्टेंबरात साळूबाई दारात येऊन उभी राहिली.

साळूबाई ही क्रॉसिंगच्या वीस बायांची म्होरकी. चाळिशी ओलांडलेली, काटक, आवाज असा की दोन वावरांपलीकडचा बैल थांबावा. शाळेची पायरी चढलेली नव्हती, हजेरीच्या वहीत अंगठा उठवायची. रामरावांना ती भाऊ म्हणायची, म्हणून बेबीनंदाची ती साळूआत्या.

"कुठंय ती शिकेल पोरगी?" साळूआत्यानं अंगणातूनच विचारलं. "पोत्यामागं बसून काय अंडी उबवून राह्यली का? चल, ऊठ. हात कमी पडून राह्यले."

"आत्या, मला अभ्यास आहे."

"मला दिसून राह्यलाय तुझा अभ्यास. चल, जल्दी!"

पहिल्याच संध्याकाळी बेबीनंदाची शोभा झाली. बारावी सायन्सची पोरगी, फुलाचे भाग इंग्रजीतून घडाघडा म्हणणारी! तिनं कळी धरली, नख खुपसलं आणि ओढलं. साळूआत्यानं ती कळी हातात घेतली, उन्हाकडं धरली आणि म्हणाली, "पोटाला नख लागलं इच्या. ही बोंड धरायची न्हाई." दुसरी घेतली. "हिच्यात दोन दाणे राह्यले बुडाला. ही रातच्याला आपल्या आपणच फळंल, अन् बी बाद होईल." तिसरी, चौथी. दहाच्या दहा कळ्या नापास! बायांनी तोंडाला पदर लावला. बेबीनंदाचे डोळे भरून आले, आणि साळूआत्याला कीव येईल असं वाटलं. कसली कीव? ती म्हणाली, "रडायचं त बांधावर जाऊन रड. फुलावर पाणी पडलं की पराग फुटतो."

मग तिनं स्वतः करून दाखवलं. उजव्या अंगठ्याचं एकच नख वाढवलेलं, दगडावर घासून गोल केलेलं, बाकी नऊ नखं मुळापासून कापलेली. तिनं कळीच्या बुडाशी नख टेकवलं, मनगट जरासं फिरवलं, आणि पाकळ्या, झालर, सगळं टोपी उतरल्यासारखं एका वेळी हातात आलं. मधे दांडी उभी, पांढरीशुभ्र, कुठंही ओरखडा नाही. बेबीनंदानं हे चित्र पुस्तकात शंभरदा पाहिलं होतं, रात्री जागून पाठ केलं होतं. पण ते खरं असतं, ओलं असतं, त्याला वास असतो, हे तिला त्या घटकेपर्यंत कोणी सांगितलंच नव्हतं. ती आ वासून बघत राहिली. तेवढ्यात साळूआत्याच्या सात कळ्या झाल्या.

"अन् एक ध्यानात ठेव," साळूआत्या पुढच्या झाडाकडं सरकत म्हणाली, "फुलाला डोळा चिकटवायचा न्हाई. आपलीच सावली पडती अन् काही दिसत न्हाई. बोटभर मागं सर, मंग फूल सोताहून दिसतं."

सकाळी नराची फुलं आली. साळूआत्यानं एक फूल दांडीवर फिरवलं, मग अंगठ्यावर राहिलेली पिवळी पूड बेबीनंदापुढं धरली. "हात लावून बघ. काटे लागतात का?"

"काटे? आत्या, ती धूळ आहे. पीठ असतंय तसं."

"पीठ घसरतं. हे घसरत न्हाई. गोखरू कसं लुगड्याला धरतं, तसं धरतं हे दांडीला. काटे हायत त्याला. बारीक असतील, पण हायत. बारा सालं झाली मी अंगठ्यावर घेऊन राह्यले."

बेबीनंदा हसली. खरं तर फार दिवसांनी हसली, म्हणून चांगुणाबाईला, म्हणजे तिच्या आईला, बांधावरून ते ऐकून बरं वाटलं. पण हसू कुचेष्टेचंच होतं. अंगठा उठवणाऱ्या बाईनं परागाला काटे असल्याचं सांगावं!

तरी दुपारच्या भाकरीला ती पुस्तक आणू लागली. साळूआत्या म्हणायची, "वाच. बघू, बुकाला काय माहीत हाय." बेबीनंदा इंग्रजी वाचायची आणि मराठीत सांगायची. सांगताना कळायचं, की आपल्याला कळलेलंच नाही. कारण साळूआत्या सोडायची नाही. "पराग त दांडीच्या शेंड्यावर. बी पोटात. मंग खाली जातो कसा? उडी मारतो का?" पोरगी पान उलटायची, शोधायची. एक दिवस सापडलं. परागाच्या कणाला एक नळी फुटते, ती दांडीच्या आतून वाट काढत खाली उतरते आणि एका दिवसात पोटापर्यंत पोचते.

साळूआत्याच्या हातातली भाकर हातातच राहिली. "वाट काढत? एका दिवसात?"

"हो आत्या."

"म्हणून दुसऱ्या रोजी दांडी सुकती!" ती उठून उभी राहिली आणि शेजारी जेवणाऱ्या बाईला म्हणाली, "अगं मालन, ऐकलं का? नळी फुटती त्याला! बारा सालं मी ह्या फुलांत, अन् मला बिलकुल माहीत न्हाई!" आणि भाकर तशीच टाकून ती जवळच्या झाडापाशी गेली, काल फळवलेल्या एका दांडीकडं कितीतरी वेळ बघत राहिली. बेबीनंदाच्या अंगावर काटा आला. हेच वाक्य तिनं मागच्या वर्षी पाच मार्कांसाठी घोकलं होतं, आणि त्या पाचांतला एकही पडला नव्हता.

त्या दिवसापासून पुस्तकाचं पान पुढं सरकलं. बॉटनीचंच नाही, सगळंच. फिजिक्स साळूआत्याला बिलकुल पटलं नाही ("हे उगीच हाय"), पण ते समजावून सांगण्याच्या नादात पोरीचं पक्कं झालं. दिवाळी झाली, क्रॉसिंग संपलं, बोंडं फुटली. कंपनीनं बी तपासायला नेलं, आणि महिन्या-दोन महिन्यांनी निरोप आला, की प्लॉट पास. साळूआत्या म्हणाली, "आता तुझा नंबर."

मार्चमध्ये तीच खोली, तेच सूक्ष्मदर्शक. परीक्षक तेवढे नवे होते, टक्कल पडलेले, घाईत असलेले. काचेवर जास्वंदीचा पराग होता. बेबीनंदानं डोळा लावला आणि पुन्हा त्या काळ्या काड्या! वर्ष गेलं, परभणी गेली, दिवाळीनंतरचे पाहुणे डोळ्यांपुढं आले. आणि त्याच घटकेला, त्या वावरातला आवाज कानात आला, की आपलीच सावली पडती. बोटभर मागं सर.

ती बोटभर मागं सरली.

काड्या गेल्या. उजेडाचं एक गोल तळं दिसलं आणि त्यात सोनेरी गोळे, एक, दोन, पाच. गुळगुळीत नव्हते ते. प्रत्येकाला सगळ्या अंगानं काटे होते, सारखे, नेटके, कोणीतरी मोजून रोवल्यासारखे. बेबीनंदा परीक्षा विसरली. इतकं देखणं काही जगात असतं, आणि ते रोज आपल्या हाताला लागून जातं!

"काय दिसतंय?" परीक्षकांनी विचारलं.

"गोखरू, सर."

"काय?"

"म्हणजे... पराग, सर. काटे आहेत त्याला. चिकटायला. कपाशीचाही असाच असणार, एकाच कुळातल्या आहेत दोघी."

"कपाशीचा पाहिलायस?"

"नाही सर. आमच्या साळूआत्यानं सांगितलंय. तिला अंगठ्याला लागतात."

परीक्षकांची घाई कुठं गेली कोण जाणे. ते खुर्ची ओढून बसले. "कोण ही साळूआत्या?" त्यांनी विचारलं, आणि पुढची दहा मिनिटं ते विचारत राहिले आणि पोरगी सांगत राहिली.

जूनमध्ये अडुसष्ट टक्के पडले. यादीत नाव खालून चौथं होतं, पण होतं. रामरावांनी थांब्यावर आलेल्या एस.टी.च्या कंडक्टरलासुद्धा पेढा खाऊ घातला.

पुढं परभणी झाली, पांढरा कोट झाला, आणि काही सालांनी नवीन जालन्यातल्या एका बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत बेबीनंदाला नोकरी लागली. दर सुट्टीत ती म्हणायची, "आत्या, एकदा जालन्याला ये, तुला दाखवायचंय." साळूआत्याचं उत्तर ठरलेलं, "क्रॉसिंग झालं की येते." क्रॉसिंग कधी संपतं का? शेवटी दोन हजार दोन साली, गुडघ्यांनी हात टेकले तेव्हा, ती आली.

स्टेशनाजवळून रिक्षानं आली. प्रयोगशाळेच्या दाराशी तिनं चपला काढल्या, बेबीनंदा नको नको म्हणत असताना. आत सगळं पांढरं, चकचकीत. स्टुलावर अंग चोरून बसली. बेबीनंदानं सकाळीच कपाशीचं फूल आणून काच तयार ठेवली होती.

साळूआत्यानं डोळा लावला, घट्ट दाबून. "काळ्या काड्या दिसून राह्यल्या गं. झाडणीसारख्या."

बेबीनंदा स्टुलाशी वाकली. "आत्या, बोटभर मागं सर."

साळूआत्या मागं सरली. दोन वावरांपलीकडं ऐकू जाणारी बाई, ती गप्प झाली. बेबीनंदाला वाटलं, आता म्हणेल, मी सांगितलं होतं ना, तू हसली होतीस. तिनं माफी मागायचं मनाशी ठरवूनही ठेवलं होतं, बारा-तेरा सालं.

साळूआत्यानं डोळा काढला. आपला उजवा अंगठा उजेडाकडं धरला, उलटा केला, सुलटा केला. नख अजून तसंच गोल घासलेलं होतं.

"बेबे," ती हळूच म्हणाली, "हे एवढं माझ्या अंगठ्यावर बसत होतं?"

"हो आत्या. रोज."

"अन् मी घरी जाताना पदराला पुसून टाकत होते गं!"

तिचे डोळे भरले होते. बेबीनंदा काही बोलणार, तोच तिनं हातानं तिला बाजूला सारलं आणि पदरानं डोळे पुसले.

"सरक," साळूआत्या म्हणाली, "अजून एकदा बघू दे."