फोन आला होता

ही गोष्ट मी नवऱ्याला सांगितलेली नाही. आईला नाही, मुलीला तर नाहीच. तुम्हाला का सांगतेय, तेही धड सांगता येणार नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. एक-दोनदा नवऱ्यापाशी विषय काढला होता, पण बोलता बोलता दुसरंच काहीतरी सांगून मोकळी झाले.

आम्ही २००३ मध्ये अमेरिकेत, मॉरिसव्हिलला आलो. नवऱ्याची नोकरी इथली. मी नागपूरला एका दैनिकात उपसंपादक होते. इथे माझ्या व्हिसावर नोकरी करायची परवानगी नव्हती. मुक्ता तेव्हा दुसरीत होती. सकाळी दोघं गेले की दुपारपर्यंत मी आणि डिशवॉशरचा आवाज.

खालच्या मजल्यावर मिस्टर पिकेट राहायचे. वय ऐंशीच्या पुढे, बायको वारलेली, मूलबाळ नाही. एकदा टपालाच्या पेट्यांपाशी भेटले. आधी काय काम करायचात, म्हणून मी सहज विचारलं.

"मरायचो," ते म्हणाले. "घोड्यावरून, छपरावरून, कधी जिन्यावरून. तीस वर्षं तेच केलं."

काउबॉयच्या जुन्या सिनेमांत ते काम करायचे. नायक नाही, खलनायकही नाही. खलनायकाच्या मागे उभे असतात ना चारजण, त्यांतले तिसरे. कधी दारूच्या गुत्त्यातला बारवाला, कधी तारमास्तर, कधी शवपेट्या करणारा सुतार. शंभराच्या वर सिनेमे. नक्की किती ते त्यांनाही माहीत नव्हतं, कारण निम्म्या ठिकाणी पडद्यावर नावच यायचं नाही. दुपारी टीव्हीवर ते सिनेमे लागायचे. मी चहा घेऊन खाली जायची. ते खुर्चीत पुढे सरकून बसायचे आणि एकदम ओरडायचे, "आता बघ! खिडकीत!" — आणि खरंच खिडकीत एक चेहरा दिसायचा, गोळी लागायची, संपलं. दोन सेकंद.

मुक्ताला त्यांनी गालिच्यावर पडायला शिकवलं. आधी गुडघे, मग खांदा. हॅट मात्र सगळ्यांत आधी उडाली पाहिजे, नाहीतर चेहरा झाकला जातो, आणि मेलेल्या माणसाकडे चेहऱ्याशिवाय असतं काय? मुक्ता घरी येऊन म्हणायची, "आई, ही इज सो फनी!"

मी त्यांना विचारून टेपरेकॉर्डर आणला. नऊ कॅसेट भरल्या. घोड्याची भीती वाटायची हे त्यांनी तीस वर्षं कसं लपवलं. एका थंड सकाळी नदीत पडायचा शॉट सहा वेळा दिला आणि शेवटी तो प्रसंगच कापला गेला, ते. बायकोला थिएटरात नेलं आणि ते पडद्यावर यायच्या नेमक्या क्षणी ती पॉपकॉर्न सांडलं म्हणून खाली वाकली होती, ते. किती हसत सांगायचे! त्यातून मी आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी लेख लिहिला. लोकांना फार आवडला. मंडळाच्या पॉटलकला, म्हणजे घरोघरून एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, एक काकू हात धरून म्हणाल्या, "अगं, याचं पुस्तक कर." किती दिवसांनी कुणीतरी माझ्याकडे अमक्याची बायको म्हणून पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी पुस्तकाला सुरुवात केली.

हे मी कारण म्हणून सांगत नाहीये. कसं झालं, तेवढंच सांगतेय.

पुढच्या वसंतात त्यांना एक पत्र आलं. एक प्राध्यापक बाई अशाच, ज्यांची नावं कुणाला माहीत नाहीत अशा नटांवर पुस्तक लिहीत होत्या. त्यांना मिस्टर पिकेटना भेटायचं होतं. पत्र त्यांनी मला दोनदा वाचून दाखवलं. फोनवर त्यांना ऐकू यायचं नाही, म्हणून उत्तरात त्यांनी माझा नंबर कळवला. माझं नावही. "माझी शेजारीण, मेधा. तिला सगळं माहीत आहे." ते पत्र मीच टाइप केलं, मीच पोस्टात टाकलं. बघा, तोपर्यंत मी ठीक होते.

फोन सकाळी अकराच्या सुमाराला आला. कुकरची दुसरी शिट्टी झाली होती. बाईंचा आवाज अगदी साधा, थोडा घाईतला. त्यांनी विचारलं, पुढच्या महिन्यात येऊ का?

आणि मी म्हणाले — कुणी शिकवलं होतं मला हे? — मी म्हणाले, "सॉरी, त्यांची तब्येत बरी नाही. त्यांना आता काही आठवत नाही."

"काहीच नाही?"

"नाही. माणसांचीही गल्लत करतात. त्यांना उगाच त्रास होईल."

मग त्यांनी विचारलं, काही कागदपत्रं, फोटो, रेकॉर्डिंग?

नऊ कॅसेट माझ्यासमोर टेबलावर होत्या. माझ्या अक्षरात नंबर घातलेल्या.

"नाही," मी म्हणाले.

त्यांनी माझे आभार मानले. त्यांची काळजी घेताय, फार बरं वाटलं, म्हणाल्या. मी फोन ठेवला आणि कुकर बंद केला.

त्या आठवड्यात मिस्टर पिकेट केस कापून आले. निळा शर्ट इस्त्री करून दाराच्या हुकाला लावला. बाईंसाठी चांगली खुर्ची हवी म्हणून आमच्याकडची एक मागितली. मी ती खाली नेऊन दिली. हो — मीच नेऊन दिली. रोज विचारायचे, "फोन?" मी मान हलवायची. एखाद्या दिवशी तरी खरं सांगता आलं नसतं? आलं असतं. बाईंचा नंबर माझ्याकडे होता. रोज सकाळी सांगता आलं असतं, आणि रोज मी 'नाही'च म्हणत होते.

महिन्याभराने त्यांनी खुर्ची परत दिली. म्हणाले, "जाऊ दे, मेडा." त्यांना 'धा' म्हणता यायचं नाही. "माझा पार्ट याआधीही कापलेला आहे."

त्यानंतर मी खाली गेले तरी टीव्ही बंद असायचा. लावू का, विचारलं तर म्हणायचे, आज नको. पुस्तकाची तीस पानं झाली होती. एकतिसावं कधी झालंच नाही. कॅसेट लावली की त्यांचं हसणं ऐकू यायचं आणि मी बटण दाबून बंद करायची. वर्षभरात ते खरोखरच विसरायला लागले. आधी चाव्या, मग गॅस, मग मुक्ताचं नाव. मी फोनवर जे बोलले होते, ते एकेक करून खरं होत गेलं. त्यांची भाची टेनेसीहून आली आणि त्यांना एका वृद्धाश्रमात ठेवून गेली. मी दर रविवारी जायची. शेवटी शेवटी मी त्यांना नर्स वाटायची. २००६ च्या हिवाळ्यात ते गेले. अंत्यविधीला आम्ही सहाजण होतो. भाचीने मला मिठी मारली, म्हणाली, "तुझ्याइतकं त्यांच्यासाठी कुणी केलं नाही." मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

दोन वर्षांनी आमच्या लायब्ररीच्या फलकावर त्या बाईंच्या कार्यक्रमाची सूचना दिसली. पुस्तक निघालं होतं. मी गेले. शेवटच्या रांगेत बसले. बाई छान बोलल्या. कुणीतरी विचारलं, एखादा नट हातातून निसटला याची हळहळ आहे का? त्या म्हणाल्या, "हो. पिकेट. इथेच, जवळपास राहायचे. मला उशीर झाला. त्यांच्या शेजारणीने सांगितलं, सगळी आठवण गेली होती." माझ्या बाजूच्या म्हाताऱ्याने 'अरेरे' केलं.

पुस्तकात त्यांच्यावर दोन ओळी आहेत. जन्मगाव, आणि 'उत्तरायुष्याची माहिती उपलब्ध नाही.'

मी एक प्रत घेतली आणि सहीच्या रांगेत उभी राहिले. का? सांगायचं होतं, असं मी स्वतःला म्हणत होते. मी तेव्हा फोनवर खोटं बोलले, कॅसेट माझ्या कपाटात आहेत — दोन वाक्यं. माझा नंबर आला. बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, पेन उघडलं आणि हसून विचारलं, "कुणाच्या नावाने लिहू?"

माझं नाव त्यांनी पत्रात वाचलं होतं.

"मुक्ता," मी म्हणाले.

त्यांनी ते एकेक अक्षर विचारून नीट लिहिलं. पुस्तक मुक्ताच्या खोलीत आहे. आईने आपल्यासाठी मुद्दाम सही घेऊन आणलं, असं तिला वाटतं.