भाभींचा डोंगर

"पाय टाका भाऊ, दम आपसूक येतोय," असं म्हणत भाभी पदरानं भुवया पुसायच्या. गिरणीत भुवयांवर पीठ बसतं, त्यातनं लागलेली ही सवय. राधानगरीच्या जंगलात पिठाचा कण नसला तरी पदर भुवयांवर जायचाच.

आमच्या गल्लीच्या तोंडाला भाभींची पिठाची गिरण. दरवर्षी थंडीत गल्लीतल्या आठ-दहा जणांनी एक दिवस डोंगर चढायला जायचं, ही टूम त्यांचीच. वडापची जीप ठरवणं, भाकरी कुणी आणायची, खर्डा कुणी, हे सांगणं आणि सगळ्यात पुढं चालणं, सगळं भाभी. नियमही त्यांचाच. "रानात कुणाला एकटं सोडायचं न्हाय. जो बसंल त्याला घिऊन मी खाली येनार."

दरवर्षी बसणारा एखादा माणूस तुमच्याही ओळखीत असेल. आमच्या गल्लीत तो मी. माझं वजन, माझा दम आणि सकाळी हाणलेली मिसळ यांचं चढावर कधी जमलंच नाही. त्यामुळं भाभी एकदाही माथ्यावर पोचल्या नव्हत्या. वरून आलेल्यांना त्या विचारायच्या, "धरनाचं पानी कसं दिसलं?" कुणी म्हणे आरशागत, कुणी म्हणे धुकंच होतं. भाभी सगळं ऐकून घ्यायच्या आणि माझ्याकडं बघून नुसत्या हसायच्या. बायकोच्या बोलण्यापेक्षा ते हसणं जास्त लागायचं.

म्हणून गेल्या वर्षी मनावर घेतलं. रोज सकाळी रंकाळ्याला फेरी, रात्रीचा भात बंद. मुलगी म्हणाली, "बाबा, लग्न ठरलंय का तुमचं?"

आणि खरंच चढलो. खडी चढण, पाचोळ्यावरून घसरणारे पाय, कारवीत बुडालेली वाट. पण बसलो नाही. उलट भाभीच झाडाला हात लावून थांबत होत्या.

"काय भाभी, दमलासा?"

"मी? तुमच्यासाठी थांबलोय की!"

माथ्याच्या खाली एक उघडा कातळ आहे. रेंज येते ती तिथंच. माझा फोन वाजला. भाभींचे मालक, आमचे चाचा.

"दवाखान्यातनं फोन आलता. हिच्या छातीत दुखतंय, डॉक्टरनं जिनासुद्धा चढू नको म्हटलंय. मला बोलली न्हाय. तिला वर जाऊ देऊ नका. पन मी सांगितलं म्हनू नका, ऐकायची न्हाय. उलट पळत सुटंल."

भाभी पुढं होत्या. झाडीतनं माथ्याचा उजेड दिसत होता. मला जन्मात एकच गोष्ट नीट जमत आलेली. ती मी केली. मी बसलो.

"भाभी, गुडघा गेला."

"आलं की वो! त्या वळनावर माथा!" बाकीचे ओरडले.

भाभी वळल्या. आधी माझ्याकडं बघितलं, मग हातातल्या फोनकडं, मग वर. पदर भुवयांवर गेला आणि जरा वेळ तिथंच राहिला.

"जावा तुमी," त्या बाकीच्यांना म्हणाल्या. "मी नेतो ह्यास्नी खाली."

उतरताना त्यांनी माझं कोपर धरलं होतं. कोण कुणाला सांभाळत होतं, ते बघायला रानात कुणी नव्हतं. थोडं चाललं की त्या म्हणायच्या, "बसा भाऊ, तुमचा गुडघा," आणि छातीवर हात ठेवून आधी स्वतःच बसायच्या. मी मन लावून लंगडत होतो. मधेच पाय बदलला, ते मला कळलंच नाही.

"उजवा हुता," भाभी म्हणाल्या.

जीपपाशी पोचल्यावर त्या बराच वेळ वर बघत राहिल्या.

"बसायचंच हुतं," त्या म्हणाल्या, "तर जरा वर जाऊन बसायचं की, भाऊ."

तिथनं थेट दवाखाना. पुढच्या महिन्यात ऑपरेशन झालं. भाभी त्यातनं उठल्या नाहीत.

ते वळण कातळापासून किती लांब होतं, हे वर जाऊन आलेल्यांना मी अजून विचारलेलं नाही. चाचा गिरणीच्या दारात दिसले की माझा हात दोन्ही हातांत धरतात. "तुमी बसला म्हनून बरं झालं. न्हायतर रानातच..."

हल्ली मी ऑफिसातनं मागच्या बोळानं घरी येतो.