साळूबाईचे शंभर प्रश्न

नागरिकशास्त्र मी कोपरगावच्या शाळेत सव्वीस वर्षं शिकवलं. इतिहासाच्या पुस्तकाला शेपटासारखा जोडलेला विषय. पोरं तो परीक्षेच्या आदल्या दिवशी चाळायची आणि दुसऱ्या दिवशी विसरायची. मन लावून शिकणारी एकच विद्यार्थिनी मला मिळाली. ती साठ वर्षांची होती, तिला अक्षरओळख नव्हती, आणि ती शिकली ते अमेरिकेचं नागरिकशास्त्र. पुढं जे झालं त्याचं खापर माझ्या माथ्यावर फुटलं, आणि ते बरोबरच होतं.

साळूबाई आमच्या वस्तीतली. सरकारी दवाखान्यात बाळंतपणाच्या वॉर्डात आया होती. गावातली निम्मी पोरं पहिल्यांदा रडली ती तिच्या हातावर. बाळ घरी गेलं की त्याला न्हाऊ घालायलाही ती जायची, पण नाळ पडेपर्यंतच. नाळ पडली की दुसऱ्या दिवसापासून बंद. "फुडचं आईनं शिकावं. मी काय जन्मभर पुरनार हाय?" नवरा गेल्यावर तिनं एकुलत्या लेकीला, भारतीला, शिकवलं आणि भारतीला सासर मिळालं ते थेट अमेरिकेतलं. सत्त्याण्णव साली तिचं पत्र आलं: डिसेंबरात बाळ होणार, आई, तू ये.

"गावभरच्या बायांची बाळंतपनं केली, गुरजी," साळूबाई म्हणाली, "आन् माझ्या पोरीच्या येळंला मी हितं बसू?"

पत्राबरोबर व्हिसाचे कागद होते आणि त्यांत शंभर प्रश्नांची एक झेरॉक्स. वर ठळक अक्षरांत लिहिलेलं, नागरिकत्वाच्या परीक्षेसाठी. ती परीक्षा जावई सचिन देणार होता, त्याचा कागद चुकून पाकिटात आला होता. हे आता कळतं. तेव्हा मात्र तलाठ्यापासून मंत्रालयापर्यंतचा माझा अनुभव असा, की सरकारी कामात फालतू कागद नसतोच. साध्या रहिवासी दाखल्याला जिथं मेलेल्या आजोबांचा शाळेचा दाखला मागतात, तिथं पाहुणी म्हणून जायलाही नागरिकत्वाची परीक्षा असणारच! मी तसं सांगितलं. मी पडलो मास्तर, त्यामुळं कुणी शंका काढली नाही.

वर्षावास चालू होता. पावसाळ्याचे ते तीन महिने विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन व्हायचं, सगळी वस्ती जमायची. वाचन संपलं की अर्धा तास अमेरिका. मी विचारायचो, साळूबाईबरोबर सगळ्या बाया एका सुरात सांगायच्या. झेंड्यावर चांदण्या किती? पन्नास! पट्टे किती? तेरा, पहिल्या तेरा वसाहतींचे! त्या तेरा वसाहती लक्षात राहाव्यात म्हणून साळूबाईनं त्या वस्तीतल्या तेरा घरांना वाटून टाकल्या. कलाबाईच्या वाट्याला व्हर्जिनिया आलं. मग नळावर भांडण झालं की कलाबाई म्हणायची, "व्हर्जिनियाचा हंडा आधी."

एकदा गाडं अडलं. सगळी माणसं जन्मतः समान आहेत असं अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात लिहून ठेवलंय, हे मी छाती फुगवून सांगितलं. मास्तरकीच्या भरात हेही सांगून बसलो, की लिहिणाऱ्याच्या पदरी गुलाम होते.

"त्यो लिहीत हुता तवा गुलाम कुटं हुते?" साळूबाईनं विचारलं.

"असतील घरातच. कामं करत."

"मंग त्यांनला वाचून दावलं न्हाई?"

मी घाईघाईनं पुढचा प्रश्न घेतला.

आप्पासाहेब हे नगरपालिकेचे उपाध्यक्ष. एका संध्याकाळी ते मतांसाठी विहाराच्या दारात आले, तेव्हा आत माझं चाललं होतं, "अध्यक्ष मेला तर?" "उपाध्यक्ष!" बाया गरजल्या. आप्पासाहेब खुलले. "आणि उपाध्यक्षही मेला तर?" बायांनी दुप्पट आवाजात त्याच्या पुढचा माणूस सांगितला. आप्पासाहेब आल्या पावली परत गेले. पुढच्या आठवड्यात आमच्या नळाला अर्धा तास जादा पाणी आलं.

ऑक्टोबरात आम्ही व्हिसासाठी मुंबईला अमेरिकेच्या वकिलातीत गेलो. मी बाहेर थांबलो. आत साहेबानं दुभाष्याकडून दोनच गोष्टी विचारल्या, कशाला जाता आणि परत कधी येणार. साळूबाई खट्टू झाली. "सायेब, एवडंच? इचारा की! शंबर पाठ हायेत." साहेबानं गंमत म्हणून एक विचारला, मग दहा विचारले. शेजारच्या खिडकीतला साहेबही उठून आला. सगळी उत्तरं बरोबर. हे पाठ कशासाठी केलंत, असं विचारल्यावर तिनं अभिमानानं कागद पुढं केला. साहेबानं वरची ठळक ओळ वाचली आणि व्हिसा नाकारला. एवढी तयारी करून जाणारी बाई परत कशाला येईल?

आम्ही परतीची बस धरली. सिन्नर आल्यावर म्हणाली, "गुरजी, चांदन्या बरुबर सांगितल्या ना मी?" मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही.

पुन्हा अर्ज केला. या वेळी मी बजावलं, "काहीही विचारलं तरी माहीत नाही म्हणायचं."

"रोज पंचशील घेते मी, गुरजी. खोटं बोलनार न्हाई म्हनते. आन् नातवंडाच्या नावानं खोटं बोलू?"



नोव्हेंबरात नेमका तोच साहेब. ती दहा मिनिटांत बाहेर आली आणि आत काय झालं ते सांगू लागली. साहेबानं विचारलं, अजून पाठ आहे? ती म्हणाली, हाय. मग परत याल कशावरून?

"म्या म्हनलं, सायेब, तुमच्या शंबरात एकबी प्रश्न असा न्हाई, का बाळ आडवं आलं तर काय करायचं. त्ये मला येतं. तेवड्यासाठी चाललेय. नाळ पडली की निघते. आजवर कुनाच्या घरी त्याच्याम्होरं थांबले न्हाई, तुमच्याबी थांबत न्हाई."

व्हिसा मिळाला.

डिसेंबरात भारतीला मुलगी झाली, आणि वर्ष संपायच्या आत साळूबाई कोपरगावात हजर. बाळाला न्हाऊ घालताना तिनं जावयाला समोर बसवून शंभर प्रश्न घोकून घेतले होते. "त्याला तेरा वसाहती येत नव्हत्या. कलाबाईचं घर सांगितलं तवा बसलं डोक्यात." पुढं तो पास झाला.

"सहा महिने राहता आलं असतं," मी म्हणालो. "भारतीनं अडवलं नाही?"

"लई रडली. पदर सोडंना. पन सायबाला शबुद दिल्ता."

 मग इकडंतिकडं पाहून हळूच म्हणाली, "नाळ सातव्या दिशीच पडल्ती, गुरजी. मी चार दिस कुनाला सांगितलंच न्हाई."